सिविताव्हेक्किया, लिव्होर्नो, नेपल्स: क्रूझवरून उतरून आपलं आपण फिरताना

पश्चिम भूमध्य समुद्रातल्या आठवडाभराच्या क्रूझमध्ये इटलीची ही तीन बंदरं हमखास येतात. माहितीपत्रकात त्यांच्यापुढे रोम, फ्लॉरेन्स, पॉम्पेई अशी नावं छापलेली असतात, पण जहाज तिथे लागत नाही. रोम सिविताव्हेक्कियापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, फ्लॉरेन्स लिव्होर्नोपासून सुमारे ९०. आम्ही तिन्ही ठिकाणी जहाजाची टूर न घेता रेल्वेने गेलो. खर्च खूपच कमी येतो आणि कुठे किती रेंगाळायचं ते आपण ठरवतो. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की हवी: जहाजाच्या टूरची बस उशिरा आली तर जहाज तिची वाट बघतं, स्वतंत्र गेलेल्यांची बघत नाही.

म्हणून आखणी उलटी, परतीपासून करायची. चढण्याची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. ती रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवरून लिहून घ्या. समजा ती संध्याकाळी ६ची आहे. मग रोमहून ३ ते ३.३०च्या दरम्यानची गाडी धरा. ती रद्द झाली तर तिच्यामागची गाडीही वेळेत पोचवते. मागे एक गाडी शिल्लक नसेल अशी गाडी परतीसाठी कधीच निवडू नका.

सिविताव्हेक्कियाला जहाजापासून बंदराच्या फाटकाजवळच्या लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत मोफत बस असते. तिथून स्टेशनला तिकिटाची बस मिळते, किंवा समुद्राकाठच्या रस्त्याने रमतगमत अर्ध्या तासात चालत जाता येतं. सकाळी दोन-तीन जहाजं एकदम लागली की तिकीटखिडकीपुढे मोठी रांग लागते, त्यामुळे तिकीट फोनवर काढलेलं बरं. दिवसभर फिरायचं असेल तर ‘बिर्ग’ नावाचा एक दिवसाचा पास घ्या: येण्याजाण्याच्या रिजनल (प्रादेशिक, साध्या) गाड्या आणि रोमची मेट्रो, बस सगळं त्यात येतं. त्यावर नाव आणि जन्मतारीख पेनने लिहावी लागते, कोरा पास चालत नाही. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का उठवून घ्यायचा. फोनवरच्या तिकिटाचं गाडीत चढण्याआधी चेक-इन करायचं. हे राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो. रिजनलचं तिकीट इंटरसिटी या लांब पल्ल्याच्या गाडीत चालत नाही, आणि दोन्ही गाड्या याच स्टेशनात थांबतात, तेव्हा पाटी वाचूनच चढा.

बहुतेक लोक सवयीने तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनापर्यंत जातात. त्याची गरज नाही. व्हॅटिकनसाठी रोमा सान पिएत्रोला उतरा: पाऊण तासाचा प्रवास, पुढे पंधरा मिनिटं चाल. कोलोसियमसाठी रोमा ओस्तिएन्से. तिथल्या पिरामिदे स्थानकावरून मेट्रो बी पकडली की दुसरं स्थानक कोलोसियमचं. परतताना तेर्मिनी टाळण्याचं कारण आणखी मोठं आहे. तिथे या मार्गाच्या गाड्या सहसा २५ क्रमांकाच्या पुढच्या फलाटांवरून सुटतात आणि ते मुख्य इमारतीपासून दहा मिनिटांच्या चालीवर आहेत.

बुधवारी सकाळी पोप यांची जाहीर भेट असली की सेंट पीटर्स बॅसिलिका दुपारपर्यंत बंद असते. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. कोलोसियमचं तिकीट नावाचं असतं, त्यामुळे ओळखपत्र बरोबर ठेवा.

लिव्होर्नो हे मालवाहू बंदर आहे. धक्क्यावरून चालू देत नाहीत, शटलने शहरात यावं लागतं. पिआत्सा ग्रांदे या चौकातून स्टेशनची बस मिळते, पिसा वीसेक मिनिटांवर, फ्लॉरेन्स दीड तासावर. आमचं मत स्पष्ट आहे: जहाज दहा तासांपेक्षा कमी थांबणार असेल तर फ्लॉरेन्सचा हट्ट धरू नका, पिसा निवांत बघा. तिथला कलता मनोरा पिसा सान रोस्सोरे स्टेशनापासून जवळ आहे, पिसा चेन्त्राले या मुख्य स्टेशनावरून वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. वर चढताना पिशवी नेता येत नाही. सोमवारी तर फ्लॉरेन्स नकोच, उफिझी आणि अकादेमिया ही तिथली दोन्ही मोठी कलासंग्रहालयं बंद असतात.

नेपल्सला जहाज थेट शहरात लागतं. समोरच मुनिचीपिओ मेट्रो स्थानक आहे. पॉम्पेईच्या प्राचीन अवशेषांकडे जायला लाइन १ने गारिबाल्दी, तिथे खाली उतरून चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल. गाडी सोर्रेन्तोचीच हवी आणि उतरायचं ‘पोम्पेई स्कावी – व्हिल्ला देई मिस्तेरी’ला. पोम्पेई नावाची दुसरीही स्थानकं आहेत. तिथे उतरलात तर गावात पोचता, अवशेषांपाशी नाही. गाडी एक स्थानक आधी, पोर्ता नोलानाला सुरू होते, बसायला जागा हवी असेल तर तिथून चढा. डबे जुने आणि गच्च भरलेले असतात आणि खिसेकापूंचा सुळसुळाट आहे. मुंबईच्या लोकलमध्ये करतो तसंच करा, सॅक पुढे घ्या.

पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४पासून दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकीट नावाचं, म्हणून आधीच काढा. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. सावली जवळजवळ नाही आणि रस्त्यांवरचे दगड ओबडधोबड आहेत, बूट पक्के हवेत. बाटली मात्र रिकामी न्या, आत पाण्याचे नळ आहेत. बरोबर वयस्कर मंडळी असतील किंवा वेळ कमी असेल तर त्याच मार्गावर अलीकडे एर्कोलानो स्कावीला उतरा. इ.स. ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या ज्या उद्रेकात पॉम्पेई गाडलं गेलं, त्यातच गाडलं गेलेलं हे गाव लहान आहे, दोन तासांत नीट बघून होतं, लाकूडकामही टिकून राहिलेलं आहे. जाताना उतार, येताना चढ.

इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर होतो. त्या दिवशी कामाच्या दिवसांत सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक रिजनल गाड्या धावतात, पण जहाजाच्या प्रवाशाला परतीची दुपार नेमकी उघडी पडते. संप असेल तर जहाजाची टूर घ्या, नाहीतर बंदराजवळच फिरा. शटल कुठल्या फाटकाला लागते वगैरे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांना विचारा. त्यात गोव्याची मंडळी पुष्कळ असतात, ती सुटीच्या तासांत याच बंदरांत उतरतात.

जहाज चुकलंच तर कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याला लगेच फोन करा. उतरताना त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या बंदराला स्वखर्चाने जावं लागतं. ते बंदर शेंगेनबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) असेल तर तिथला व्हिसाही आपल्यालाच बघावा लागतो. काही जहाजं भारतीय पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची रंगीत प्रत व एक चालू कार्ड रोज खिशात हवं.