हनुवटीखालचा हात

सोसायटीची मीटिंग होती. विषय अर्थातच रिडेव्हलपमेंट. सध्या मुंबईत दुसरा असतो कुठे? सेक्रेटरी एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं, ते समजावत होते आणि मी हनुवटीखाली पालथा पंजा धरून 'रिडेव्हलपमेंट' हाच शब्द पुटपुटत होते. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "दाढ दुखतेय का गं? लवंग धर."

हे खूळ लेकीच्या अभ्यासातून आलेलं. लांबलचक इंग्रजी शब्दाचे सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, मोजायचे तर हनुवटीखाली हात धरायचा. जबडा जितक्यांदा हाताला लागेल तितके तुकडे. री-डि-व्हे-लप-मंट. पाच. इथवर सोपं. पण पाचांतला वजनदार कोण, म्हणजे बोलताना जोर कुणावर द्यायचा? आमची अख्खी बिल्डिंग 'डे'वर जोर देते. शब्दकोश म्हणतो, 'व्हे'वर.

शाळेत वृत्तं शिकताना गुरू डोळ्यांना दिसायचा. दीर्घ अक्षर आलं किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात झाला, की लावा खूण. इंग्रजी शब्दाकडे मात्र कितीही टक लावून बघा, तो ताकास तूर लागू देत नाही. त्यातून हा जोर एका जागी टिकेल तर शपथ! 'फोटोग्राफ'मध्ये तो 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये 'टॉ'वर आणि 'फोटोग्राफिक'मध्ये थेट 'ग्रा'वर. बदलीच्या नोकरीतला माणूस बरा. शेवटी 'शन' किंवा 'इक' आलं तर बहुतेकदा त्याच्या आधीचा तुकडा धरायचा, एवढाच काय तो दिलासा.

ज्याला जोर मिळतो तो ऐसपैस बसतो, बाकीचे लोकलच्या चौथ्या सीटवर बसल्यासारखे अंग चोरून. 'फोटोग्राफर'मधला 'फो' बिचारा नुसता 'फ' होऊन राहतो. 'कम्फर्टेबल'मध्ये लिहिताना चौघं, पण इंग्रज बोलतो तेव्हा सहसा तिघंच उरतात: कम्फ-ट-बल. आपण मात्र चौघांनाही नीट बसवून घेतो. मला आपलंच बरं वाटतं. (लेकीसमोर हे बोलायची सोय नाही, तिला मार्क हवेत.)

'व्हे' ठसक्यात जमतोय का, ते पाहायला मी पुन्हा पंजा लावला. तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, "रिडेव्हलपमेंटला ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा."

माझा हनुवटीपर्यंत होताच. त्यांनी मोजला.