घोंगडं, तांबं आणि खण: तिसरा आठवडा

सध्या करत असलेल्या कलाकृतीत दोन फूट बाय तीन फुटांच्या प्लायवर काळं घोंगडं, त्यावर तांब्याचा पत्रा आणि खालच्या अंगाला कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा लाल खण, असं ठरलं होतं. या आठवड्यात खण जवळजवळ बाद झाला.

तिन्ही वस्तू सुट्या असताना एकेक देखणी दिसत होती. एकत्र मांडल्यावर मात्र नजर कुठेच ठरेना. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल केला आणि कोडं सुटलं. खण आणि तांबं एकाच करड्या छटेत मिसळून गेले होते. रंग निराळे, पण उजळपणा तोच, आणि दोन्ही चमकणारे. त्यामुळे घोंगड्याच्या खरखरीतपणातून तांब्याला जो उठाव मिळत होता, तो खण शेजारी आला की नाहीसा व्हायचा. आता खणाची बोटभर पट्टी तेवढी ठेवली आहे, तीही तांब्यापासून लांब, खालच्या कोपऱ्यात. साहित्य कापण्याआधी ही कृष्णधवल चाचणी जरूर करून बघा. मी केली असती तर चांगला अर्धा खण वाचला असता.

घोंगडं चिकटवायचं नाही, हेही आता पक्कं. पहिल्या तुकड्याला पांढरा गोंद लावला तर लोकरीने तो पिऊनच टाकला. कडा सुटल्या आणि मधला भाग आधी लिबलिबीत, मग वाळून पापडासारखा कडक झाला. घोंगडं विणण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ देतात आणि ओल लागली की ती सुटते. मला हवा असलेला ताठपणा त्या खळीचाच होता! म्हणून दुसरा तुकडा कोरडाच ठेवला. प्लायला दर दोन इंचांवर भोकं पाडून दाभणाने सुतळीचे टाके घातले. टाके दिसतात, आणि ते दिसायलाच हवेत. इटलीचे अल्बर्तो बुर्री १९५०च्या दशकात जुनी गोणपाटं शिवून चित्रं करत. त्यांत शिवण झाकलेली नसते, तीच रेषेचं काम करते.

तांब्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि आनंदही तिथेच मिळाला. पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की मऊ पडतो. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यांवर मठारकाम होतं. हातोडीचा प्रत्येक ठोका एक लहानसा चपटा आरसा सोडतो. तसं मी अर्ध्याच पत्र्यावर केलं. उरलेला अर्धा व्हिनेगर आणि मिठात भिजवलेल्या लाकडाच्या भुशात दोन दिवस दाबून ठेवला. बाहेर काढला तेव्हा भुशाचा कण जिथे टेकला होता तिथे हिरवा-निळा ठिपका आणि मधे तपकिरी तांबं, अगदी शेवाळलेल्या दगडासारखं. या मंद, रवाळ हिरव्याशेजारी मठारलेला भाग पहिल्यांदा खरोखर उजळ वाटला. म्हणजे विरोध हवा होता तो तांब्याच्या पोटातच होता, खणाची त्याला गरज नव्हती.

हिरवा थर बोटाला लागतो, त्यामुळे लोकरीवर बसवण्याआधी पारदर्शक लॅकरचे दोन हात देणार आहे. मठारलेल्या भागाला मात्र लॅकर नाही. तो हळूहळू काळवंडू दे. घोंगड्याला कसर लागू नये म्हणून ते आधीच उन्हात तापवून घेतलं आहे.

अडलंय ते डाव्या वरच्या कोपऱ्यात. तिथे वीतभर घोंगडं मोकळं आहे. काल रात्री त्यावर एक खिळा ठेवून पाहिला आणि लगेच उचलला. सध्या तरी ती जागा तशीच राहणार आहे.