गरजले, सुनावले की बजावले?

10 फेब्रुवारी 2007, शनिवार. रविवारची डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा अंक, लवकर सोडायची असते, त्यामुळे परदेशाचं पान म्हणजे एजन्सीचे दोनचार टेक, म्हणजे बातमीचे तुकडे, जोडायचे आणि मोकळं व्हायचं. त्या पानावर मी एकटाच उपसंपादक. तेवढ्यात म्युनिकच्या सुरक्षा परिषदेतलं पुतिनचं भाषण यायला लागलं आणि मी बाकीचं सगळं बाजूला सारलं.

दोनच आठवड्यांपूर्वी हा माणूस दिल्लीत 26 जानेवारीचा प्रमुख पाहुणा होता, फोटो मीच लावलेला. आणि इथे सुरुवातीलाच सांगतो की या परिषदेत फाजील सौजन्य पाळायची गरज नाही, मग एकध्रुवीय जग म्हणजे एकच मालक, एकच सार्वभौम वगैरे, समोर जर्मनीच्या चॅन्सेलर मर्केल आणि अमेरिकेचे संरक्षणमंत्री गेट्स बसलेले.

'मालक'वरच माझी दहा मिनिटं गेली. स्वामी म्हटलं की मठातला वाटतो, धनी म्हटलं की मायेचा. पण खरी गोची क्रियापदाची. बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही पण मराठी हेडिंगात क्रियापदच नेत्याचा हेतू ठरवून टाकतं. गरजले म्हणजे घरच्यांना ऐकवायला काढलेला आवाज, सुनावले म्हणजे राग काढला, बजावले म्हणजे हा पुढे काहीतरी करणार. मी 'बजावले' केलं होतं. चीफसबनी, म्हणजे मुख्य उपसंपादकांनी, 'गरजले' केलं आणि इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, 'निवडणुकीच्या तोंडावर' घालायला लावलं, म्हणे गर्जेल तो पडेल काय. एकाही टेकमधे ते नव्हतं. शिवाय सलग तिसऱ्यांदा अध्यक्षपदाला उभं राहायला घटनेचीच आडकाठी होती! कुठलाही नेता परदेशावर तावातावाने बोलला की मतांसाठी, विषय संपला, ही आमच्या डेस्कवरची फार जुनी खोड आहे आणि तिच्यापायी कॉपी नीट वाचलीच जात नाही.

निवडणुकीचा काहीच संबंध नव्हता असं मी म्हणत नाही, डिसेंबरमधे ड्यूमाची, म्हणजे रशियन संसदेची, निवडणूक होती, पुढच्या मार्चमधे अध्यक्षपदाची, आणि जाणाऱ्याला आपला वचक दाखवावाच लागतो. पण कॉपीत कारणं धडधडीत लिहिलेली होती की! नाटो पूर्वेकडे सरकत 2004 मधे बाल्टिक देशांपर्यंत आलेली, पोलंड आणि चेक प्रजासत्ताकात क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायची अमेरिकेची बोलणी सुरू होत होती. आणि कॉपीत नसलेलं एक कारण म्हणजे पैसा. 1998 मधे दिवाळं वाजलेल्या रशियाने तेल चढल्यावर 2006 च्या ऑगस्टमधे पॅरिस क्लबचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाचं, सोव्हिएत काळातलं कर्ज मुदतीआधी फेडून टाकलं होतं. सावकारांसमोर माणूस असा बोलत नाही, देणं फिटल्यावर बोलतो.

एप्रिल 2008 मधे बुखारेस्टला नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया पुढे सदस्य होतील असं जाहीर केलं, ऑगस्टमधे जॉर्जियात युद्ध झालं. तेव्हाही पानावर मीच होतो आणि राहून राहून ते हेडिंग आठवत होतं. म्युनिकमधला राग खरा होता का सोयीचा, हे मला अजून सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही, खरा राग सोयीच्या वेळी बाहेर काढलेला. पण 'गरजले' नक्कीच नव्हतं.

म्युनिकच्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी गेट्सनी एक शीतयुद्ध पुरेसं होतं असं शांतपणे उत्तर दिलं. चीफसब ती कॉपी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, बघ, मी काय म्हणत होतो. मी मान डोलावली. तेव्हा मलाही ते पटलंच होतं.