जावयाचा कॅमेरा आणि गुलमर्गचा बर्फ

जानेवारीत गुलमर्गला गेलात तर स्लेजवाल्यांच्या गराड्यातून "अगं स्वेटरची चेन लाव", "डबा कुणाकडे आहे" असं ऐकू येणारच, इतकी आपली माणसं तिकडे असतात. मी पुण्यातल्या एका टूर कंपनीसाठी व्हिडिओ शूट करते आणि थंडीतल्या ग्रुप्सबरोबर काश्मीरला जाते. ऑफिसची मागणी दरवेळी तीच, स्नो बाइकचे शॉट्स पाहिजेत, गेस्टचा चेहरा समोरून दिसला पाहिजे, मागे बर्फ उडताना दिसला पाहिजे, आणि हो, हललेलं नको. एसी ऑफिसात बसून बोलायला काय जातं.

ज्यांनी ती गाडी जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, आणि गुलमर्गला चालतात त्यातल्या बऱ्याच गाड्या जुन्या टू-स्ट्रोक, त्यामुळे थरथर भयंकर. पट्टा मागे बर्फ फेकतो, स्की पुढून बर्फ उडवतात, म्हणजे खाली कुठेही कॅमेरा लावलात की दोन मिनिटांत लेन्सवर पांढरा लेप. पुढच्या बंपरच्या पाइपला क्लॅम्प लावला तर शॉट जबरदस्त येतो, जमीन अंगावर येते अगदी, पण बर्फ पडला की संपलं. हेल्मेटवर लावला तर मागे बसलेल्या गेस्टच्या कॅमेऱ्यात नुसती ड्रायव्हरची पाठ. आणि बॉनेट, म्हणजे पुढचं प्लास्टिकचं झाकण, ती सगळ्यांची आवडती जागा कारण तिथे स्टिकरवाला माउंट चिकटवता येतो आणि चेहरा समोरून मिळतो. माझ्या मते तीच सगळ्यात वाईट. ते प्लास्टिक जरा लवचिक, वरून खरखरीत, त्यावर पेट्रोल-ऑइलचा सूक्ष्म थर, आणि मुळात त्या जातीच्या प्लास्टिकला काहीच धड चिकटत नाही. त्यात थंडी. त्या डबल साइड फोम टेपच्या कागदावरच लिहिलेलं असतं की दहा डिग्रीच्या खाली लावू नका आणि पकड साधारण 20 मिनिटांत निम्मी, 24 तासांत नव्वद टक्के आणि 72 तासांनी पूर्ण येते, तेही खोलीतल्या तापमानाला. गुलमर्ग 2,650 मीटरवर, आम्ही होतो चिल्लई कलानमध्ये, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे ते चाळीस दिवस, दुपारी उन्हात उभं राहिलं तरी पारा शून्याच्या खाली. गोंद तिथे दगड होतो.

म्हणून मी स्टिकर, सक्शन कप वगैरे नेतच नाही. रबराचा कप थंडीत कडक होतो आणि कधी सुटेल सांगता येत नाही. प्लास्टिकचे केबल टायसुद्धा गोठले की आवळताना टकन तुटतात. माझ्याकडे असतात स्टीलच्या होज क्लिपा (पाइप आवळायला लावतात त्या), जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे, नायलॉनची पातळ दोरी आणि हात-दीड हात लांब ॲल्युमिनियमचा दांडा. पुढे चालणाऱ्या गाडीच्या मागच्या कॅरिअरला तो दांडा उभा बांधायचा, मधे ट्यूब गुंडाळायची म्हणजे थरथर थोडी मरते आणि क्लिप घसरत पण नाही, एक आडवी पट्टी तिरकी बांधून आधार द्यायचा, आणि वर कॅमेरा मागे तोंड करून. पट्ट्याने उडवलेला बर्फ त्या उंचीपर्यंत कमी येतो. मागून येणाऱ्या गाडीवरच्या माणसाचा चेहरा, स्की, सगळं फ्रेममध्ये. कॅमेऱ्याच्या फ्रेमला दोरीची एक गाठ वेगळी, ती माउंटला नाही तर थेट गाडीच्या लोखंडाला. सेटिंग पण सगळी हाताने. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची सेटिंग, 5500 केल्विनला लॉक, नाहीतर सावलीतला बर्फ निळा-जांभळा होतो, आणि एक्स्पोजर थोडं वर, कारण कॅमेऱ्याला एवढं पांढरं दिसलं की तो बावचळून सगळं राखाडी करून टाकतो.

त्या दिवशी सकाळी हे सगळं बांधत होते. ड्रायव्हर भाईजान (वय असेल पंचविशीचं, पण मशीनचा नाद असा की आवाजावरून कुठल्या गाडीचा प्लग गेलाय ते सांगायचा) माझ्या हातातला पाना घेऊन म्हणाला, मॅडमजी आप पकड़ो, मैं कसता हूँ. हातमोजे काढून होज क्लिपचा स्क्रू फिरवणं म्हणजे काय ते केल्याशिवाय कळत नाही, बोटं दोन मिनिटांत बधिर होतात आणि लोखंडाला चिकटल्यासारखी वाटतात.

तेवढ्यात ग्रुपमधले इचलकरंजीचे एक काका मागच्या गाडीच्या बॉनेटवर काहीतरी दाबत असलेले दिसले. जवळ जाऊन बघते तर ॲक्शन कॅमेरा, स्टिकरवाला माउंट, आणि काका अंगठ्याने जोर लावून तोंडाने एक ते तीस मोजतायत.

"काका, हे नाही टिकणार इथे."

"अहो टिकतंय की. जावई म्हणालेत, एकदा चिकटला की गाडी उचलली तरी निघायचा नाही."

"जावई कुठे असतात?"

"बेंगलोरला."

काय बोलणार. भाईजानने पण बघून मान हलवली, ये नहीं रुकेगा अंकल. मी माझ्याकडच्या दोरीचा तुकडा दिला, म्हटलं निदान ही तरी हँडलला बांधा, काका हो हो म्हणाले. माझ्या गाडीची वेळ झाली होती, मी निघाले. काकूंनी तेवढ्यात जाता जाता ऐकू येईल असं म्हटलंच, "त्यांना घरात खिळा ठोकता येत नाही."

राइड मस्त झाली. ताजा बर्फ, वर निळं आकाश, अफरवटचा डोंगर इतका स्वच्छ की गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याचे खांब मोजता येत होते. मैदानाला वळसा घालून फरच्या सूचीपर्णी झाडांच्या कडेने खाली परत. मी पुढच्या गाडीवर भाईजानच्या मागे, आणि माझ्या पाठीमागे दांड्यावरचा कॅमेरा मागच्या गाडीला टिपतोय. खाली उतरून बघते तर काकांच्या गाडीच्या बॉनेटवर फक्त काळा चौकोनी डाग. माउंटसकट कॅमेरा गायब, फोम टेपचं अर्धं साल तेवढं राहिलं होतं.

काकांचा चेहरा बघवत नव्हता. कॅमेरा गेला याचं नाही, "अहो जावयाचा आहे हो तो" हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी स्लेजवाले पोरं पण एकमेकांना "जावई, जावई" म्हणून काहीतरी विचारायला लागली. टूर मॅनेजर म्हणाला आता जेवायची वेळ, सोडून द्या, एवढ्या बर्फात कुठे मिळणार. त्याचं पण चूक नव्हतं म्हणा, फेरी चांगली लांब, त्यात त्याच ट्रॅकवरून तोपर्यंत चारसहा गाड्या गेल्या होत्या.

पण माझ्या डोक्यात आलं की मागच्या गाडीचं बॉनेट अख्खा वेळ माझ्या कॅमेऱ्यासमोरच होतं.

कार्ड काढलं, रीडरने फोनला लावलं, तर उन्हात स्क्रीनवर काळ्या आरशाशिवाय काही दिसेना, आणि दोन मिनिटांत फोन चाळीस टक्क्यांवरून सरळ बंद. थंडीत हे होतंच. बॅटरीच्या आत चार्ज असतो पण ती तो द्यायला तयार नसते, व्होल्टेज पडतं आणि फोनला वाटतं संपलं. गरम केली की परत येते. म्हणून मी कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लावून ठेवते. भाईजानने फोन घेतला, समोरच्या कहवावाल्याकडे गेला, त्याच्या कांगडीपासून (निखाऱ्यांच्या शेगडीपासून) बरंच लांब, फेरनच्या, म्हणजे त्या ढगळ लोकरी झग्याच्या, आत पोटाशी धरून उभा राहिला (कांगडीवर ठेवू नको, बॅटरी फुगेल, हे मी तीनतीनदा ओरडून सांगितलं). मग फोन चालू झाल्यावर त्याने सरळ फेरन काढलं आणि आमच्या दोघांच्या डोक्यावरून पांघरलं, जुन्या स्टुडिओतला फोटोग्राफर काळ्या कापडात शिरायचा तसं. बाहेर काका विचारतायत दिसलं का, दिसलं का, आत धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास आणि मी एकेक फ्रेम पुढे सरकवतेय.

सेकंदाला साठ फ्रेमने शूट केलं होतं म्हणून वाचलो. आधी बॉनेटवर कॅमेरा नीट उभा, मग एका उंचवट्यावर गाडी उडी मारते, पुढचा भाग खाली आदळतो, आणि कॅमेरा माउंटसकट एका बाजूने उचकटतो. पुढच्या काही फ्रेममध्ये तो हवेत, एक काळा ठिपका, आमच्या डावीकडे, आणि मग बर्फाच्या धुरळ्यात गायब. मी झूम करून ठिपकाच बघत बसले होते, भाईजानचं बोट मात्र मागच्या बाजूला गेलं. गोल्फ कोर्सच्या कुंपणाचा एक खांब, वाकलेला, त्यावर बर्फाची टोपी. म्हणाला, ये तो वो मोड़ है जहाँ पिछले हफ़्ते गाड़ी फँसी थी. मला तर सगळे खांब सारखेच दिसत होते.

आम्ही दोघं, दोन स्लेजवाले आणि काका (त्यांना नको म्हटलं तरी आलेच, भाड्याच्या गमबुटात तोल सांभाळत) तिथे गेलो. भाईजानने सगळ्यांना ट्रॅकवरच उभं केलं. कारण सोपं आहे, मऊ बर्फात कॅमेऱ्याएवढी जड वस्तू पडली की आत जाते आणि वर एक बारीक चीर किंवा भोक राहतं, तेच शोधायचं असतं, आणि चार माणसं तिथे नाचली की भोक बुजतं. मी फोनवर ती फ्रेम धरून उभी, खांब आणि मागचं झाड एका रेषेत आणायला दोन पावलं इकडे दोन तिकडे, आणि हाताने दाखवतेय, अजून डावीकडे, अजून. एक पोरगा पोटावर सरपटत पुढे गेला. त्याने स्लेजची काठी हळूच टोचत नेली, एकदा, परत, परत, मग थांबला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर काढला तर मुठीत बर्फाचा गोळा आणि त्यातून लोंबणारी माउंटची काळी प्लेट.

काकांनी त्याला मिठीच मारली. खिशातून पैसे काढायला हात घातला तर पैशाबरोबर माझी दोरी बाहेर आली, जशी दिली होती तशी, घडीसकट. मी काहीच बोलले नाही, काकूंना मात्र ही गोष्ट कशी कळली माहीत नाही, जेवताना निघालीच.

कॅमेरा बंद पडला होता. काका तो लगेच हॉटेलच्या हीटरपुढे धरायला निघाले होते, तो हातातून काढून घेतला. थंडगार कॅमेरा ऊबदार खोलीत नेला की आत-बाहेर सगळीकडे दव धरतं, लेन्सच्या आतून धुकं बसलं की मग तासन्‌तास जात नाही. त्यामुळे बाहेरच बर्फ झटकला (फुंकर मारायची नाही, श्वासातली वाफ लगेच गोठते), झिपच्या पिशवीत हवा काढून बंद केला आणि पिशवीसकट खोलीत नेऊन तसाच ठेवला. दव मग पिशवीवर बसतं. रात्री जेवणानंतर गरम बॅटरी टाकली, कॅमेऱ्याने अर्धवट राहिलेली फाइल स्वतःच रिपेअर केली, आणि आम्ही सगळे काकांच्या खोलीत गोळा.

क्लिपमध्ये आधी काकांचं तोंड, आ वासलेलं, मग जग दोनतीनदा उलटंपालटं, आणि मग एकदम निळसर उजेड. आत बर्फाखालचा. आवाज नाही, आणि मग खरखर करत एक गाडी बाजूने गेल्याची घरघर, परत शांत, परत एक गाडी. बॅटरी जाईपर्यंत तो तसाच रेकॉर्ड करत पडून होता. काकू म्हणाल्या, "एवढा वेळ गप्प बसलेलं त्या कॅमेऱ्यालाच जमलं."

जावयाला सांगायचं नाही असं काकांनी सगळ्यांकडून वचन घेतलं. पण ऑफिसला मी दिवसभराचं फुटेज पाठवलं, त्यातून त्यांनी रीलसाठी नेमका काय उचलला असेल तर कॅमेरा उडतानाचा तुकडा, स्लो मोशनमध्ये, काकांच्या चेहऱ्यासकट. मी काकांना फोन करून परवानगी विचारली. ते म्हणाले चालेल, फक्त आधी जावयाला कळू दे, आणि ते मी सांगत नाही, हिला सांगायला सांगतो.

निघायच्या दिवशी भाईजानने तो दांडा आणि होज क्लिपा मागितल्या. दिल्या, पुण्यात काय, लोहिया नगरमध्ये नाहीतर बुधवारात मिळून जातात. नंतर त्याचा मेसेज आला, सोबत फोटो, त्याच्या गाडीच्या कॅरिअरवर तोच दांडा, जास्त नीट बांधलेला, आडवी पट्टी पण त्याने वेल्डिंग करून घेतलेली. ज्यांच्याकडे स्वतःचा कॅमेरा आहे त्यांना लावून देतो आणि वेगळे पैसे घेतो म्हणे. दोरी बांधल्याशिवाय गाडी सुरू करत नाही.