प्रस्तावनेचा चौथा खर्डा

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यात, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या आमच्या गावात राहून मी मामा तलावांतील, म्हणजेच माजी मालगुजारी तलावांतील, माशांवर पीएच.डी.चे काम केले. पहाटे ढिवर बांधवांबरोबर तलावावर जाणे, जाळ्यात आलेले मासे ओळखून मोजणे आणि रात्री त्या नोंदी वहीत उतरवणे हे कष्टाचे असले, तरी त्यात पुढची पायरी कोणती याची मला कल्पना होती. पहिल्या शोधनिबंधाची प्रस्तावना लिहायला बसले, तेव्हा मात्र ती कल्पना नव्हती, आणि त्या दीड पानासाठी मला चार खर्डे करावे लागले.

पहिल्या खर्ड्याची सुरुवात पृथ्वीचा 71 टक्के पृष्ठभाग पाण्याने व्यापलेला आहे, इथून झाली. त्यानंतर भारतातील जैवविविधता आली आणि मग तलावांचा इतिहास आला: गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव, पुढे त्यांवर आलेली मालगुजारांची, म्हणजे शेतसारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, मालकी, 1950 च्या कायद्याने ती मालकी संपल्यावर सरकारकडे गेलेला त्यांचा ताबा. हे सगळे खरे होते आणि मला प्रिय होते, कारण याच पाण्यावर आमच्या घरची रोवणी होत आली आहे. परंतु माझा प्रश्न तिसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीत येत होता. एका नियतकालिकाने तो निबंध तज्ज्ञांकडे न पाठवताच परत केला आणि अभ्यास कशासाठी केला हे प्रस्तावनेतून कळत नाही, एवढेच कळवले.

माझ्या मार्गदर्शक सरांनी त्यावर एक साधे काम दिले. जे वाक्य काढले तर वाचकाला माझा प्रश्न समजणार नाही, तेवढ्याच वाक्यांखाली रेघ मारायची. एकतीस वाक्यांपैकी सात उरली, आणि मालगुजारीच्या इतिहासातले त्यांत एकच होते.

याच सुमारास मी जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने शोधनिबंधांच्या प्रस्तावनांविषयी केलेली मांडणी वाचली, जी त्यांच्या 1990 च्या पुस्तकामुळे सर्वत्र पोहोचली. त्यांच्या मते प्रस्तावना साधारणपणे तीन टप्प्यांनी पुढे जाते: आधी अभ्यासाचे क्षेत्र आणि त्याचे महत्त्व दाखवायचे, मग त्या क्षेत्रात अजून मोकळी असलेली जागा दाखवायची, आणि शेवटी आपला अभ्यास ती जागा कशी घेतो हे सांगायचे. या मोकळ्या जागेसाठी ते ‘निश’ हा शब्द वापरतात, जो आम्ही प्राणिशास्त्राचे विद्यार्थी सजीवाच्या परिसंस्थेतील विशिष्ट स्थानासाठी वापरतो. त्यामुळे ही मांडणी मला पटकन समजली, पण माझ्या निबंधातली मोकळी जागा नेमकी कोणती, हे त्यातून आपोआप कळणारे नव्हते.

दुसऱ्या खर्ड्यात मी लिहिले की, या तलावांतील माशांवर आजवर कोणीही अभ्यास केलेला नाही. सरांनी विचारले, “ताई, हे वाक्य तुम्ही सिद्ध कसे करणार?” मी पुन्हा शोध घेतला, तेव्हा पूर्व विदर्भातील तलावांमधील माशांच्या याद्या देणारे निबंध सापडले आणि माझे वाक्य सरळ चुकीचे ठरले. ते खरे असते तरी पुरेसे नव्हते, कारण एखादी गोष्ट कोणी मोजलेली नाही, एवढ्यानेच ती मोजण्याचे कारण मिळत नाही.

ते कारण मला तलावाच्या पाळीवर मिळाले. गावातल्या मच्छीमार संस्थेने त्याआधीच्या उन्हाळ्यात काठावर माजलेले बेशरम काढले होते. मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील हे झुडूप उथळ काठ व्यापते आणि तिथल्या मूळच्या पाणवनस्पतींना जागा उरत नाही. माझी वही पाहून संस्थेतले एक काका म्हणाले, “बाई, मासे कोनते हायेत ते आमाले मालूम हाये. बेशरम काढल्यावर ते वाढतेत का, ते सांगा.”

तिसरा खर्डा या प्रश्नाभोवती उभा राहिला आणि काय ठेवायचे, काय गाळायचे हे त्यानंतर मला स्वतःला ठरवता येऊ लागले. रोहू, कटला आणि मृगळ वाहत्या पाण्यात प्रजनन करतात, तलावांत त्यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते, म्हणून त्यांच्यावरचा परिच्छेद गेला. मरळ मात्र काठच्या वनस्पतींमध्ये, उथळ पाण्यात घरटे करून अंडी घालते, म्हणून ती पुढे आली. आधीच्या संशोधनाचा आढावाही बदलला. अमुक यांनी अमुक साली हे केले, अशी वाक्यांची माळ न लावता मी याद्या देणारे निबंध एका वाक्यात आणि पाणवनस्पतींचा माशांच्या प्रजननाशी संबंध तपासणारे दुसऱ्या वाक्यात घेतले. दुसऱ्यांच्या प्रस्तावनेतून उचललेले संदर्भ काढून टाकले आणि जे निबंध मुळातून वाचले, तेवढेच ठेवले. ‘कोणीही केलेले नाही’ याऐवजी ‘काठ मोकळा झाल्यावर मरळीच्या पिलांच्या संख्येत पडणारा फरक या तलावांमध्ये तपासल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही’ असे लिहिले. हे वाक्य लांब झाले, पण त्यातील प्रत्येक शब्दाची जबाबदारी मी घेऊ शकत होते.

निबंध इंग्रजीत जाणार होता, तरी हा खर्डा मी मराठीत लिहिला. उसन्या इंग्रजी वाक्प्रयोगांखाली जी पोकळी झाकली जात होती, ती मराठीत लगेच दिसली.

चौथा खर्डा निष्कर्ष लिहून झाल्यावर केला. प्रस्तावनेने जे शोधण्याचे कबूल केले होते आणि निबंधाने प्रत्यक्षात जे शोधले होते, ती दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहिली. प्रस्तावनेत मी ‘तलावांतील मासे’ म्हटले होते, मोजली मात्र मरळीची पिले होती, तेव्हा ते दुरुस्त केले.

पाठवण्याआधी मराठी खर्डा त्याच काकांना वाचून दाखवला. ‘बेशरम काढल्यानंतर’ या शब्दांवर त्यांनी मला थांबवले. नुसते कापले तर ते पुन्हा फुटते, आम्ही ते खणून काढले होते, असे ते म्हणाले. त्या ठिकाणी मी ‘मुळासकट खणून काढल्यानंतर’ असे लिहिले आणि निबंध पाठवला.