साडी काकूंची, नोंद आमची

ठाण्यात आमचा वापरलेल्या साड्यांचा व्यवसाय आहे. पैठणी, नारायणपेठी, इरकल, जे घरोघरच्या कपाटांत घडी मोडायची वाट बघत पडलेलं असतं, ते आम्ही घेतो, ड्रायक्लीन करतो, फॉल-पिको नव्याने करतो आणि ऑनलाइन विकतो. पूर्वी अशी साडी बोहारणीकडे जायची आणि बदल्यात स्टीलचं पातेलं यायचं. आता पैसे येतात, आणि पैसे आले की टॅक्सचा प्रश्न येतो.

"अगं, हे माझ्या पेन्शनमध्ये धरायचं का?" साडी विकायला आलेल्या काकू हमखास विचारतात. "नाही काकू, निश्चिंत राहा," असं मला ठामपणे सांगता येतं. स्वतः नेसलेले कपडे आयकर कायद्यात वैयक्तिक वापराच्या वस्तू आहेत, भांडवली मालमत्ता नव्हेत. त्यामुळे ते विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिन्यांना ही सूट नाही, आणि कपड्यात शिवलेले सोन्याचांदीचे दागिने किंवा मौल्यवान खडेही कायदा दागिन्यांतच धरतो. एखाद्या जुन्या शालूवर असं काही असलं तर आम्ही ते उसवून काकूंच्या हातात परत देतो आणि मगच साडी घेतो.

आमचं तसं नाही. आम्ही विकण्यासाठीच घेतो, म्हणून आमचं ते धंद्याचं उत्पन्न.

सुरुवातीला आम्ही कमिशनवर काम करायचो. साडी काकूंची, विकली गेली की आमचा हिस्सा ठेवून बाकी रक्कम त्यांना. उत्पन्न कमिशनपुरतंच, पण ऑनलाइन बाजारपेठ टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या कराचा, हिशोब पूर्ण विक्रीवर करते (1 ऑक्टोबर 2024 पासून दर 1 टक्क्यावरून 0.1 टक्का झाला) आणि आयकराच्या वार्षिक माहितीपत्रकात आमच्या पॅनवर तीच मोठी रक्कम दिसते. त्यातले काकूंचे किती, आमचे किती, हे साडीगणिक दाखवता यायला हवं. शिवाय आयकरातली अंदाजित उत्पन्नाची सोय (वह्यांच्या हिशोबाऐवजी विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरणं; 1961 च्या कायद्यात कलम 44 एडी) कमिशनच्या कमाईला मिळत नाही.

म्हणून आम्ही साडी थेट विकत घेऊ लागलो. आता ती सोय लागू होते: डिजिटल विक्रीच्या 6 टक्के, रोखीच्या 8 टक्के नफा धरायचा. पण वह्या मी सोडल्या नाहीत. कारण जीएसटी.

इंदूर, बडोदा, बेळगाव इथल्या मराठी घरांतून मागणी येऊ लागली. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, आमच्यासारख्यांना जीएसटी नोंदणी घ्यावीच लागते. मात्र वापरलेल्या वस्तूंसाठी जीएसटीचा नियम 32(5) आहे आणि आमचा धंदा त्यावरच उभा आहे. 3,000 ला घेतलेली साडी 4,200 ला गेली तर कर मधल्या 1,200 वर. खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसावं, ही एक अट. एखादी साडी तोट्यात गेली तर तिचा फरक शून्य धरायचा, दुसरीच्या नफ्यातून तो वजा होत नाही. आणि खरेदीची किंमत सिद्ध करता आली नाही तर हा नियम हातचा जातो. म्हणूनच प्रत्येक साडीमागे खरेदीची पावती असते: वर्णन, तारीख, रक्कम, काकूंची सही, पैसे यूपीआयने. त्याची एक प्रत काकूंना. बँकेत आलेल्या रकमेबद्दल उद्या कोणी विचारलं तर त्यांच्याकडेही कागद हवा. माझ्या दृष्टीने या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं काम ही पावती आहे, फोटो आणि जाहिरात त्यानंतर.

आता जाऊबाईंनी जुन्या इरकलीचे कुर्ते आणि परकर-पोलकी शिवायला घेतली आहेत. खप चांगला आहे. पण नियम 32(5) किरकोळ दुरुस्तीपुरताच चालतो. वस्तूचं रूपच बदललं की पूर्ण किमतीवर कर. त्यामुळे त्यांचा माल, बिलं आणि वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली आहे, आणि कुर्त्याची किंमत ठरवताना हा कर धरूनच ठरवतो.