डब्यावरचा 'च्या'

लेक मोठ्या गटात होती तेव्हा तिला सगळी मुळाक्षरं येतात, अशी आमची समजूत होती. भिंतीवरच्या तक्त्यापुढं उभी राहून 'अ अननसाचा'पासून 'ज्ञ यज्ञाचा'पर्यंत एका दमात म्हणायची. पाहुणे आले की आम्ही हमखास म्हणायला लावायचो. माझं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत डिजिटल बोर्डाचं दुकान आहे. एकदा कॉम्प्युटरवर पडद्याएवढा ग टाईप केला आणि विचारलं, "हे काय?"

"आकडा आणि काठी."

शेजारी गणपतीचं चित्र नव्हतं ना!

दिवसभर अक्षरं विकणाऱ्याच्या घरात ही गत. मी चिडलो आणि रोज संध्याकाळी गिरवायला बसवायला लागलो. शाळेची पानं भरून न्यायची असायचीच, त्यात माझी भर. पेन्सिल इतकी दाबून धरायची की बोटांची टोकं पांढरी पडायची. तिसऱ्या आठवड्यात पाटी बघितली की तिचं पोट दुखायला लागलं. केंद्र सरकारच्या 2021 साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' मोहिमेचं उद्दिष्टसुद्धा तिसरीअखेर समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं एवढंच आहे, आणि आम्ही बालवाडीतच घाम गाळत होतो.

माझी आई अंगणवाडी सेविका होती, आता रिटायर आहे. तिनं पाटी उचलून कपाटावर ठेवली. "शाहू महाराजांनी 1917 साली शिक्षण सक्तीचं केलं आणि पोरं शाळेत न घालणाऱ्या आईबापाला दंड लावला. पोरांना रडवणाऱ्यालाबी लावाय पाहिजे होता," म्हणाली. तिचा हिशोब साधा होता. अक्षर म्हणजे आवाजाची खूण. आवाजच सुटा ऐकू येत नसेल तर खूण कशाची लक्षात ठेवायची? महिनाभर कागद बंद, नुसत्या भेंड्या.

त्याही गावांच्या, स्कूटरवर जाता-येता. कोल्हापूर, मग र वरनं राधानगरी, परत र वरनं रुकडी. शेवटचा आवाज पकडायला तिला आठवडा गेला. पन्हाळ्याच्या शेवटी काय येतं विचारलं की 'आ' म्हणायची, आणि खरं बघितलं तर तिचं चुकत नव्हतं. ळ सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प. रंकाळ्याजवळ आल्यावर मागनं प्रश्न, "पप्पा, ळ वरनं कायच नाही?" नाही. मराठीत ळ नं शब्दच सुरू होत नाही. इतकी वर्षं ळ छापतोय, माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग अक्षरं आली, पण क ख ग घ या क्रमानं नाही. हा क्रम तोंडातल्या जागांचा आहे, घशापासून ओठांपर्यंत. सुंदर आहे, पण वाचायला शिकणाऱ्या पोराला त्याचा उपयोग नाही. आईनं ग, म, भ, न अशी दिसायला एकमेकांजवळची घेतली. एवढ्या चार अक्षरांत मन, मग, नभ, गगन होतात. मी रेडियमच्या उरलेल्या तुकड्यांतनं ती कापून दिली, काना वेगळा. पुढं र, क आले. एका रात्री तिनं न, काना आणि क फ्रिजच्या दारावर चिकटवून 'नाक' केलं. मी काना तसाच ठेवून दोन्ही टोकांची अक्षरं बदलली. ती पुटपुटली, "का... न... का... न," आणि एकदम स्वतःचा कान धरला. त्या रात्री जेवण गार झालं. ती नाकाचा कान, कानाचं नाक करत बसली होती.

सगळं असं सरळ झालं नाही. 'खारी'ला 'रवारी' म्हणायची. बेकरीवाल्याच्या बोर्डात ख चे दोन भाग तसे सुटेच होते, आणि तो बोर्ड मीच केलेला. पुस्तकातला ल दोन पाकळ्यांचा, मोबाईलवरचा उभ्या दांडीचा, म्हणून "हा ल नव्हंच" असा वाद. 2009 च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल सांगितलाय, पण ते मोबाईलला कोण सांगणार?

सगळ्यात जास्त छळलं पहिल्या वेलांटीनं. मिसळीच्या दुकानापुढं उभी राहून वाचायची, "इ... म... स... ळ. इमसळ!" मी तीनदा समजावलं, चौथ्यांदा ओरडलो. मग आठवलं, जुन्या टाईपरायटर पद्धतीच्या कीबोर्डवर मी स्वतः आधी वेलांटी आणि मग म दाबायचो. डोळ्याला जी आधी दिसते, ती पोरीनं आधी वाचली तर काय बिघडलं? त्यावर उपाय आईनंच काढला. वेलांटीवर बोट ठेवून झाकायची, आधी 'म' म्हणायचं, बोट काढायचं, 'मि'. दहा दिवसांत बोटाची गरज संपली.

च चे दोन उच्चार मात्र आम्ही समजावतच बसलो नाही. चमच्याचा च वेगळा, चिमणीचा वेगळा, हे तिची जीभ आधीच जाणत होती. आईनं स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आपण बोलतो तशा. चहाच्या डब्यावर 'च्या'. मी म्हटलं, चुकीचं शिकवू नको. "ती चहा म्हणते का? मग? तोंडातलं कागदावर दिसू दे आधी. चहा लिहायला शाळा हाय की." हे मला आजही सगळं पटलेलं नाही, पण त्या डब्यापुढं ती रोज थांबायची हे खरं.

परवा दुकानात वाढदिवसाचा आठ फुटी बोर्ड लॅमिनेशनला पसरला होता. ती चपला काढून कडेनं बोट फिरवत निघाली. "वा... ढ... दि..." वेलांटीला अडखळली नाही. "वाढदिवसा..." आणि थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "पप्पा, वाढदिवसाला च्या हाय? केक नाही?"

पुढं 'हार्दिक'मधला रफार बघून तिनं विचारलं, याच्या डोक्यावर हे काय बसलंय. गिऱ्हाईक दारात उभं होतं. म्हटलं, आज्जीला विचार.